क्रियाविशेषणांचा ऑनलाइन अभ्यासक्रम : धडे चोख, तपासणी आडमुठी

इंग्रजी क्रियाविशेषणे मराठीतून शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक ही प्रकारांची ओळख शालेय व्याकरणात असते तशीच येथे आहे आणि ती वगळली तरी काही बिघडत नाही. अभ्यासक्रमाचे खरे मोल आहे ते क्रियाविशेषण वाक्यात कोठे बसवावे, हे शिकवणाऱ्या धड्यांत.

'ती काल सभेत छान बोलली' या वाक्यात आधी काळ, मग स्थळ आणि शेवटी रीत येते. इंग्रजीत हा क्रम बहुधा नेमका उलटा होऊन 'शी स्पोक वेल अ‍ॅट द मीटिंग येस्टरडे' असे वाक्य तयार होते. पडद्यावर वाक्याचे तुकडे सरकवून ही उलथापालथ दाखवल्यामुळे ती घोकावी लागत नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये रीतिवाचक शब्द घुसवू नये, म्हणजे 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' असे न म्हणता 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' म्हणावे, हेही त्याच ओघात येते. 'ही वर्क्स हार्ड' ही स्तुती आणि 'ही हार्डली वर्क्स' ही तक्रार, हा फरक तर एका उदाहरणात कायमचा लक्षात राहतो.

'ओन्ली'च्या धड्यात मात्र हातची संधी दवडली आहे. 'ओन्ली शी कॉल्ड मी' म्हणजे 'तिनेच मला फोन केला' आणि 'शी कॉल्ड ओन्ली मी' म्हणजे 'तिने मलाच फोन केला'. ज्या शब्दावर भर द्यायचा त्याला आपण 'च' चिकटवतो, तसा 'ओन्ली' त्या शब्दाच्या अलीकडे ठेवायचा, एवढे सांगितले असते तर दोन पानांचे विवेचन टळले असते.

विशेषणाला '-ली' जोडले की क्रियाविशेषण होते, असे सांगणाऱ्या धड्यात 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत याचा उल्लेखच नाही, ही चूक अधिक गंभीर आहे. स्वयंचलित तपासणी तर फारच आडमुठी आहे. वाक्याच्या आरंभी 'येस्टरडे' लिहिणे पूर्णपणे शुद्ध असूनही माझे असे प्रत्येक उत्तर तिने चूक ठरवले. सरावासाठी म्हणून हा अभ्यासक्रम घेणाऱ्याने गुणांकडे दुर्लक्ष करावे आणि जवळ एक चांगला शब्दकोश ठेवावा.