कॅनन टीएक्स-४०००: नकाशाला चोख, हवाई छायाचित्राला कामापुरता

प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदावर छापणारा प्रिंटर, विकायला येणारा माणूस नमुना म्हणून बहुधा एखादे झळझळीत रंगीत छायाचित्र छापून दाखवतो, आणि ज्याला नकाशे छापायचे आहेत त्याला त्यावरून काहीच कळत नाही. नकाशाचा छाप आधी पट्टी लावून आणि मग भिंगाखाली तपासावा लागतो. रंगांचा विचार त्यानंतर. आमच्या मोजणी आणि नकाशाच्या कार्यालयात कॅननचा इमेजप्रोग्राफ टीएक्स-४००० हा प्लॉटर नियमित वापरात आहे आणि पुढचे मत याच कसोटीवर बेतलेले आहे. या मालिकेची पुढची आवृत्ती, टीएक्स-४१००, आता निघालेली असली तरी टीएक्स-४००० अजून अनेक ठिकाणी चालू आहे.

यंत्र ४४ इंची आहे, म्हणजे १११८ मिलिमीटर रुंदीचा रोल त्यात बसतो. ए-झिरो कागदाची रुंदी ८४१ मिलिमीटर असल्यामुळे तेवढ्यासाठी ३६ इंची यंत्र पुरते. मग जास्तीची रुंदी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटमध्ये, म्हणजे भूरूप दाखवणाऱ्या नकाशाच्या एका पानात, १५ मिनिटे रेखांश मावतात. पुण्याच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे २६.४ किलोमीटर, म्हणजे कागदावर जवळपास ५३ सेंटिमीटर भरते. त्यामुळे पुण्याची ४७ एफ/१४ क्रमांकाची शीट आणि तिच्या पूर्वेची शीट समास वगळून शेजारी शेजारी लावली, तर दोन्ही मिळून १०६ सेंटिमीटरच्या आत राहतात आणि एकाच कागदावर अखंड छापता येतात. पाणलोटाची किंवा रस्त्याची आखणी नेमकी दोन शीटच्या सांध्यावर येण्याचा अनुभव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे, आणि चिकटपट्टीने जोडलेल्या नकाशावर काम करण्याचा कंटाळाही तितकाच आहे.

शाई पाच रंगांची आणि पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आहे: मॅट ब्लॅक, ब्लॅक, सायन, मॅजेन्टा आणि पिवळा. छपाईच्या हेडवर १५,३६० नोझल, म्हणजे शाई सोडणारी सूक्ष्म छिद्रे, असून मॅट ब्लॅकला इतर रंगांच्या दुप्पट नोझल दिलेल्या आहेत, आणि साध्या कोटेड कागदावर काळी रेषा इतकी स्वच्छ उठते त्यात याचा मोठा वाटा असावा. गट क्रमांकाचे बारीक आकडे, गावशिवेची तुटक रेषा, विहिरीची खूण, सगळे नीट वाचता येते. खरी परीक्षा मात्र सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषांची असते. ऑफसेटवर छापलेल्या जुन्या टोपोशीटमध्ये तपकिरी ही स्वतंत्र शाई असे, त्यामुळे केसासारखी रेषाही सलग उमटे. इंकजेटमध्ये तोच तपकिरी रंग पिवळ्या, मॅजेन्टा आणि काळ्या ठिपक्यांतून जुळवावा लागतो, आणि रेषा ०.१ मिलिमीटरपर्यंत खाली आली की कोणत्याही यंत्रावर ती दाणेदार दिसू लागते. ड्रायव्हरमध्ये रेखाचित्राचा पर्याय निवडून रेषेची जाडी ०.१५ मिलिमीटर ठेवली, की या यंत्रावर ती सलग दिसते. सह्याद्रीच्या कड्यांवर रेषा एकमेकींना चिकटतात तिथे तेवढी जाडीही जड वाटते, पण तो दोष प्लॉटरचा नव्हे. क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लेआउटमध्ये पारदर्शकता किंवा ब्लेंडिंग ठेवले आहे का तेही पाहावे, कारण त्यामुळे पीडीएफ बनताना रेषांचे रूपांतर चित्रात होते आणि मग कितीही चांगले हेड असले तरी कडा फुटलेल्याच येतात.

प्रमाणाच्या अचूकतेचे श्रेय यंत्राला आणि दोष कागदाला, अशी माझी वाटणी आहे. कागदाच्या सरकण्याचे कॅलिब्रेशन नवा रोल चढवताना केले, तर मीटरभर रेषेत मिलिमीटरच्या आसपासचा फरक राहतो. १:१००० च्या नकाशावर तेवढ्याचा अर्थ जमिनीवरचा एक मीटर होतो, हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे. पावसाळ्यात दमट कागद फुगतो. दोन्ही दिशांनी ०.३ टक्के वाढ धरली, तर कागदावरून काढलेल्या हेक्टरभर क्षेत्रात सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक फरक पडतो आणि बांधावरची भांडणे याहून कमी जागेवरून होतात. म्हणून ज्या छापावरून मोजमाप घेतले जाणार आहे तो पॉलिस्टर फिल्मवरच काढावा, आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची तपासणी रेषा असावी. आमच्याकडे एका पुरवठादाराचा स्वस्त रोल चढवल्यावर ही रेषा पहिल्या शीटलाच चुकली. यंत्र बिनचूक होते, रोलची गुंडाळणी सैल होती. पीडीएफ पाठवताना ‘फिट टू पेज’ची (चित्र लहानमोठे करून कागदात बसवण्याची) खूण राहून गेली तर मात्र फिल्मही वाचवू शकत नाही.

आता हवाई छायाचित्रे. गावठाणाच्या ड्रोन मोजणीतली ५ सेंटिमीटर पिक्सेलची ऑर्थोप्रतिमा, म्हणजे नकाशाच्या मापात बसवलेले हवाई छायाचित्र, १:५०० प्रमाणात छापली, तर एक पिक्सेल कागदावर ०.१ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंचाला २५४ पिक्सेल. यापेक्षा जास्त डीपीआय (इंचाला ठिपके) मागितल्याने फाइल फुगते, माहिती वाढत नाही. ४४ बाय ६० इंचांची अशी प्रतिमा कॉम्प्रेस न करता ५०० एमबीच्या पुढे जाते आणि यंत्र ती विनातक्रार घेते. घरांची कौले, पाणंद, गोठ्याची भिंत ओळखायला छाप पुरेसा आहे आणि टेबलावर पसरून पेन्सिलीने हद्द गिरवायला मॅट कागद उत्तमच. पण राखाडी किंवा फिकट शाई नसल्यामुळे सिमेंटचे रस्ते आणि उन्हाळ्यातली उघडी शेते जवळून पाहिल्यास किंचित रवाळ दिसतात, तर आंब्याच्या झाडांखालच्या सावल्या मॅट कागदावर मिटून जातात. छापण्यापूर्वी सावल्या थोड्या उजळून घेतल्या की बराच फरक पडतो. सभागृहात लावायचे छायाचित्र हवे असेल, तर कॅननचाच बारा टाक्यांचा प्रो-४००० त्यासाठी आहे. त्याच्याशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल.

चालवण्याच्या खर्चाचे थोडक्यात. शाईच्या टाक्या १६०, ३३० आणि ७०० मिलिलिटरच्या मिळतात आणि आत उपटाकी असल्याने छपाई चालू असताना टाकी बदलता येते, त्यामुळे लांब शीट अर्ध्यावर वाया जात नाही. यंत्र मुख्य बटणापासून बंद करू नये; ते स्वतःहून हेड साफ करत राहते आणि ती शाई मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये जाते, म्हणून काम कमी असणाऱ्या कार्यालयातही त्या कार्ट्रिजचा खर्च धरावाच लागतो. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच. ज्यांची सगळी कामे ए-झिरोत बसतात त्यांनी ३६ इंची टीएक्स-३००० पाहावा. हेड आणि शाई तीच आहे, जागाही कमी लागते आणि वाचलेल्या पैशांत पॉलिस्टर फिल्मचे रोल घेता येतात.