संपाच्या दिवसाची ‘हमीची’ तिकिटे

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता, माझ्या थोरल्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान असे चौघे पुण्याहून इटलीला गेलो होतो. त्या सहलीत आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहीत आहे, कारण फसवणाऱ्याने आमच्या ज्या भीतीचा फायदा घेतला, ती संपाच्या दिवसांत युरोपात प्रवास करणाऱ्या कोणालाही वाटू शकते.

रोमहून व्हेनिसला जाणाऱ्या वेगवान गाडीची तिकिटे आम्ही दोन महिने आधी रेल्वे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढली होती. निघायला चार दिवस उरले असताना बातमी वाचली की, आमच्या प्रवासाच्याच शुक्रवारी देशभर रेल्वेचा संप असून तो गुरुवारी रात्री नऊपासून शुक्रवारी रात्री नऊपर्यंत चालणार आहे. व्हेनिसच्या हॉटेलचे भाडे परत मिळणारे नव्हते आणि नणंदबाईंच्या यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे बसचा लांबचा प्रवास त्यांना झेपला नसता. त्या काळजीत मी रात्री उशिरा मोबाइलवर रेल्वेचा भारतातील मदत क्रमांक शोधला आणि सर्वांत वर दिसला त्या क्रमांकावर सकाळी फोन लावला. तो निकाल म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, हे मी तेव्हा पाहिले नाही.

पलीकडचा तरुण स्वच्छ मराठीत बोलत होता. “काकू, तुम्ही अजिबात घाबरू नका, मीही पुण्याचाच आहे,” हे त्याचे वाक्य मला आजही आठवते, कारण त्या एका वाक्याने माझी सावधगिरी संपली. त्याने तिकिटांचे फोटो मागवून घेतले, दहा मिनिटांनी फोन केला आणि सांगितले की, आमची सकाळी साडेआठची गाडी संपामुळे रद्द झाली आहे. मात्र इटलीत संपाच्या दिवशी काही ‘हमीच्या’ गाड्या कायद्यानेच सोडाव्या लागतात, त्यांतल्या अकरा वाजताच्या गाडीत चार जागा शिल्लक आहेत आणि फरकाची रक्कम भरल्यास तो जुनी तिकिटे रद्द करून नवी देऊ शकेल.

मी अगदीच डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. ‘हमीच्या गाड्या’ हा शब्द मी शोधून पाहिला आणि तो खरा निघाला. इटलीत १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्याने अत्यावश्यक सेवांमधील संपावर मर्यादा घातल्या आहेत. संपाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते आणि लांब पल्ल्याच्या ज्या गाड्या संपातही सुटणार त्यांची यादी रेल्वे कंपनी प्रसिद्ध करते. ही माहिती वाचून माझा त्या तरुणावरचा विश्वास उलट दृढ झाला. मी पडताळले ते त्याच्या बोलण्यातले सत्य. आमची गाडी रद्द झाली हे असत्य मात्र मी पडताळलेच नाही, आणि ते पडताळायला त्याच यादीत आमच्या गाडीचा क्रमांक शोधणे पुरेसे होते.

आम्ही यूपीआयने २७,२०० रुपये पाठवले. पैसे घेणाऱ्याच्या जागी रेल्वेचे नाव नसून कुठल्याशा ट्रेडर्सचे नाव दिसत होते; यजमानांनी ते मला दाखवलेही, पण “आमच्या एजन्सीचे खाते आहे” हे उत्तर आम्हाला पुरले. संध्याकाळी क्यूआर कोड असलेली चार तिकिटे ईमेलने आली. ती आमच्या मूळ तिकिटांसारखीच दिसत होती, आणि तशी ती दिसणारच होती, कारण नमुना आम्हीच पुरवला होता.

त्या शुक्रवारी आम्ही रोमच्या तेर्मिनी स्थानकावर दहा वाजता पोहोचलो. फलकावर काही गाड्यांपुढे रद्द झाल्याची सूचना होती, तर काही वेळेवर सुटत होत्या. फलाटाच्या प्रवेशद्वारापाशी आमचे कोड चालले नाहीत. तेथील कर्मचारी बाईंनी जुनी तिकिटे दाखवायला सांगितली, ती तपासली आणि शांतपणे सांगितले की, ही तिकिटे कोणीही रद्द केलेली नव्हती आणि तुमची साडेआठची गाडी वेळेवर सुटली. ती हमीच्या यादीत होती. संपामुळे प्रवास सोडून देणाऱ्याला तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, पण गाडी सुटण्यापूर्वी मागितले तरच. आमची गाडी सुटली होती, म्हणून तोही मार्ग बंद झाला. खिडकीवर त्याच दिवसाची चार नवी तिकिटे घ्यावी लागली आणि आगाऊ काढलेल्या तिकिटांच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले.

यानंतर जे घडले ते लिहिताना मला सर्वाधिक त्रास होतो. आम्ही त्या क्रमांकावर पुन्हा फोन केला. तो तरुण हळहळला, संगणकात चूक झाल्याचे म्हणाला आणि सगळी रक्कम लगेच परत देण्यासाठी यजमानांना एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले. त्या अ‍ॅपमुळे यजमानांच्या मोबाइलचा पडदा त्याला तिकडे दिसू लागला. स्थानकावरचा गोंगाट, सामान, बाकावर गुडघा धरून बसलेले भावोजी, या सगळ्यात यजमानांनी त्याच्या सांगण्यावरून बँकेचे अ‍ॅप उघडले. आलेले ओटीपी त्याला आपोआप दिसत गेले आणि दोन व्यवहारांत ८६,००० रुपये खात्यातून गेले.

बँकेचे संदेश पुण्यात मुलाच्या ईमेलवरही जातात, म्हणून त्याला लगेच कळले. त्याने आम्हाला ते अ‍ॅप काढून टाकायला आणि मोबाइल बंद करायला लावला, बँकेला कळवून खाते गोठवले, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर व्यवहारांचे तपशील भरले. हे सर्व तासाभराच्या आत झाल्यामुळे ४९,००० रुपये समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले. उरलेले तोपर्यंत पुढच्या खात्यांत गेले होते. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गोपनीय माहिती दुसऱ्याच्या हाती गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इटलीला किंवा युरोपातील इतर देशांत जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, संपाची बातमी कळताच फोन क्रमांक शोधू नका. इटलीच्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येत्या संपांचे वेळापत्रक असते, आणि आपली गाडी धावणार की नाही हे तिकीट जेथून काढले त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. गाडी रद्द झाली तर पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या गाडीने जाणे, यांतील निवड युरोपीय संघाच्या नियमांनी प्रवाशाला दिलेली आहे. संपामुळे विमान रद्द झाले तरीही परतावा किंवा पर्यायी विमान विमान कंपनीनेच द्यायचे असते. या हक्कासाठी कोणी शुल्क मागत असेल, तर तो रेल्वेचा किंवा विमान कंपनीचा माणूस नाही. विमानाने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, इटलीत २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात विमानसेवेत संप करता येत नाही. तारखा आपल्या हातात असतील तर त्याचा उपयोग होतो.

अडकवलेले ४९,००० रुपये न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाले. पहिल्या २७,२०० रुपयांचा मागही पोलिसांनी काढला, परंतु ते खाते आम्ही पैसे भरले त्याच संध्याकाळी रिकामे झाले होते, आणि त्या संध्याकाळी आम्ही नवी तिकिटे छापून घेऊन निश्चिंतपणे बॅगा भरत होतो.