पन्हाळा की जिंजी? आई-आबा आणि पोरांना घेऊन कुठं जायचं

सुट्टीच्या दोन महिने आधीपासून आमच्या घरात एकच विषय असतो: यंदा जवळ की लांब? माणसं सहा. सासू-सासरे, म्हणजे आमचे आई-आबा, दोघंही सत्तरीपुढचे. नवरा आणि मी. थोरला नववीत, धाकटी चौथीत. मागच्या दिवाळीत आम्ही चार दिवस फक्त आपला कोल्हापूर जिल्हा फिरलो. मग जानेवारीत दहा दिवस तिरुपतीवरून खाली तमिळनाडूत उतरलो: तिरुवण्णामलै, जिंजी, पुदुच्चेरी, तंजावर. दोन्ही सहली लागोपाठ झाल्यानं काय कुठं जमलं आणि काय चुकलं ते अजून ताजं आहे. तीन पिढ्या घेऊन निघायचा विचार असेल तर हे वाचून ठरवायला सोपं जाईल.

पन्हाळा आणि जिंजी ही जोडी मी मुद्दाम धरली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगडाला वेढा पडला आणि १६८९च्या सप्टेंबरात राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेश पालटून दक्षिणेला निघाले. वय १९. जिंजी गाठून त्यांनी जवळपास आठ वर्षं तिथून राज्य चालवलं. मागं राहिलेल्या ताराराणीही पुढं जिंजीला पोहोचल्या. कोल्हापुरात कावळा नाक्याला ज्यांच्या पुतळ्याला आपण रोज वळसा घालतो, त्याच. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात ११ महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. पन्हाळा त्या अकरांत आहे. एक किल्ला घरापासून २० किलोमीटरवर, दुसऱ्याला जायला दोन दिवस. तुलना करायला याहून चांगली जोडी मला सापडली नाही.

दाखवणारा कोण?

माझ्या मते खरा फरक इथं आहे, अंतरात नाही.

आबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. पन्हाळ्याला जाताना वाघबीळ आलं आणि नवऱ्यानं गिअर टाकायच्या आधी आबाच बोलले, "आता सेकंड." पुढं सगळा गड त्यांनीच दाखवला. मुक्कामी गाडी कुठं लावायचे, पावसाळ्यात धुक्यात हॉर्न वाजवत कसं उतरायचे, जोतिबाच्या यात्रेला किती खेपा व्हायच्या. अंधारबावीत उतरताना धाकटीचा हात त्यांच्या हातात होता. १६६०चा सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने अडकलेले महाराज, जुलैतली ती पावसाची रात्र आणि पावनखिंडीत बाजीप्रभू. पोरीनं हे शाळेत वाचलेलंच होतं. पण तीन दरवाज्यात उभं राहून आजोबांच्या तोंडून ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "आबा, ते कुठल्या बाजूनं गेले? दाखवा की." आबांनी काठीनं मसाई पठाराची दिशा दाखवली. त्यापुढं बराच वेळ दोघं तिथंच उभी होती.

राधानगरीला आईंची पाळी. त्यांचं माहेर त्याच भागातलं. भोगावतीवरच्या या धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं आणि ते त्यांच्या हयातीनंतर पुरं झालं, हे मला माहीत होतं. पण आईंचे वडील त्या कामावर जात होते, लहानपणी त्या त्यांना भाकरी पोचवायला जायच्या, हे लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला ठाऊक नव्हतं. रोजच्या स्वयंपाकघरात अशी गोष्ट निघतच नाही. ती धरणाच्या कट्ट्यावर निघाली.

जवळच्या सहलीत दाखवणारी म्हातारी माणसं असतात. पोरं ऐकतात, सून ऐकते. आई-आबांना त्या चार दिवसांत जो मान मिळाला तो घरात बसून मिळत नाही. हे मी अगदी मनापासून लिहिते.

लांबच्या सहलीत सगळं फिरलं. हरिप्रिया एक्स्प्रेसनं कोल्हापूरहून तिरुपती, साधारण वीस तास. मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट, गुंतकल असं करत गाडी जाते. आबा खिडकीशी बसले ते उठेचनात. "जन्मभर लोकांना खिडकीपाशी बसवलं," एवढंच म्हणाले. अंधार पडल्यावरही ते बाहेर बघत होते. रस्ता कसा आहे, पुढं वळण आहे का, याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. मी त्यांना असं निवांत आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि दाखवणारा झाला थोरला. तमिळ पाट्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. नकाशा, तिकिटं, "इकडं नव्हे, पुढचा रस्ता" हे सगळं चौदा वर्षांच्या पोराच्या हातात. घरी त्याला पाणी भरून ठेव म्हटलं तरी तीनदा सांगावं लागतं. तिथं तो आजीचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. आईंचा शब्द घरात शेवटचा असतो, त्या इथं नातवाला विचारत होत्या, "आता कुठं जायचं रं?"

मग तंजावर. बृहदीश्वराच्या मंदिरात, १०१०मध्ये राजराज चोळानं पुरं केलेल्या, साठ मीटरहून उंच शिखराच्या त्या देवळात, भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा सगळा वृत्तान्त देवनागरीत कोरून घेतला. आठ दिवस एक अक्षर न वाचता आलेली आमची माणसं त्या भिंतीपुढं थांबली. आबा चष्मा पुसून अक्षर अक्षर लावायला लागले. जुनी भाषा, सगळं कळत नव्हतं, पण "शिवाजी" सापडल्यावर त्यांनी मागं वळून सगळ्यांना हाक मारली. बाजूनं जाणारी एक तमिळ बाई आमच्याकडं बघून थांबली. आम्ही काय वाचतोय हे तिला खुणेनं सांगताना नवऱ्याचे डोळे भरून आले होते.

घराजवळ आपण आपल्या माणसांच्या आठवणीत फिरतो, लांब गेलं की आपलीच माणसं वेगळी दिसायला लागतात. तुमच्या घराला यंदा कशाची गरज जास्त आहे ते बघा.

नंदी

धाकटीचं एक सांगायलाच हवं. त्रिपुरारी पौर्णिमेला आम्ही संध्याकाळी खिद्रापूरला गेलो होतो. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि त्या रात्री चंद्र बरोबर त्या गोलावर येतो. शिलाहारांचं हे देऊळ शंकराचं, पण त्याच्यापुढं नंदी नाही. तो कृष्णेपलीकडं यडूरला आहे असं सांगतात. तंजावरला मोठ्या मंडपात एका दगडाचा प्रचंड नंदी बसलेला बघून पोरगी म्हणाली, "आपला इथं आला होय!" खिद्रापूर आधी झालं नसतं तर तंजावरचा नंदी तिच्यासाठी नुसता मोठा दगड राहिला असता. पोरांसाठी जवळचं आधी, लांबचं नंतर, हा क्रम मला पटतो तो याचमुळं.

तसंच टाउन हॉल म्युझियमचं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. थोरल्याला ती दाखवून ठेवली होती, म्हणून पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला, जिथं रोमन व्यापाराच्या खुणा सापडल्या, जायचा त्यानं हट्ट धरला. खरं सांगायचं तर जागेवर बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. वेळ कमी असेल तर ते वगळा आणि पुदुच्चेरीच्या म्युझियममध्ये जा.

ऋतू

यावरच निम्मा निर्णय होतो. आपल्याकडं दिवाळीत पाऊस संपून हवा सुंदर असते, डोंगर हिरवे, नद्या भरलेल्या. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पाऊस आणि किनाऱ्याला वादळंही तेव्हाच. म्हणून दिवाळीची सुट्टी आहे एवढ्यासाठी तंजावरचं बुकिंग करू नका. मे महिन्यात जिंजीचा कातळ तापतो, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तर नकोच. उरतात जानेवारी-फेब्रुवारी. पोरांची शाळा बुडते. आम्ही सहा दिवस बुडवली आणि वर्गशिक्षिकांना आधी भेटून सांगितलं. पोंगलच्या आठवड्यात गाड्या आणि लॉज दोन्ही भरलेले असतात, तो टाळला.

पौर्णिमेचंही बघा. खिद्रापूरला पौर्णिमा साधा. तिरुवण्णामलैला मात्र पौर्णिमेला डोंगराच्या १४ किलोमीटर प्रदक्षिणेला अफाट गर्दी लोटते, त्या दिवशी वयस्कर माणसं घेऊन तिथं पोचू नका.

गुडघे

पन्हाळ्यावर गाडी जवळजवळ प्रत्येक ठिकाणाशी जाते. अंबरखान्याची ती जाड भिंतींची कोठारं, सज्जा कोठी, तीन दरवाजा, सगळं आईंनी थांबत थांबत पाहिलं.

जिंजी वेगळी. तीन डोंगरांवर पसरलेला किल्ला, त्यातला राजगिरी सर्वांत उंच, हजारावर पायऱ्या. नवरा आणि पोरं वर गेली, सकाळी लवकर, कारण उन्हं चढली की अवघड होतं आणि दुपारनंतर वर सोडत नाहीत. आई-आबांबरोबर मी खालीच थांबले आणि त्याचं वाईट वाटलं नाही. पायथ्याला कल्याणमहाल आहे, धान्याची कोठारं आहेत. कोठारात शिरल्या शिरल्या आबा म्हणाले, "अंबरखाना!" माकडं मात्र फार. हातातली पिशवी सांभाळा.

तंजावरचं देऊळ सपाटीला आहे, पण चप्पल बाहेर काढावी लागते आणि फरशी भाजते. दहाच्या आत किंवा चारनंतर जा, दुपारी गाभारा बंदच असतो.

आमची एक चूक. तिरुवण्णामलैत लॉज ठरवताना लिफ्ट आहे का, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, बदलून देईनात, आणि आईंचा गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला. एक दिवस वाया गेला. फोटोत खोली छान दिसली तरी आधी फोन करून मजला विचारा.

खाणं आणि खर्च

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. नरसोबाच्या वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी. घरच्या सहलीत जेवण ही काळजी नसतेच. लांबच्या सहलीत पहिले दोन दिवस इडली-डोशाचं कौतुक, तिसऱ्या दिवशी आबांना भाकरीची आठवण. आईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसणाची बरणी आणली होती, तिच्यावर आमचा दहीभात तरला. कुंभकोणमची फिल्टर कॉफी मात्र आईंना इतकी आवडली की येताना पितळी डबरा-टंबलर घेऊन आल्या.

पैशाचं थोडक्यात: घरच्या चार दिवसांचा सगळा खर्च लांबच्या सहलीतल्या नुसत्या गाडीभाड्यात बसला असता.

जवळच्या सहलीचा एक मोठा तोटा मात्र मोजायला हवा. घर सुटत नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दुकानातून फोन आला आणि अर्धा दिवस तो परत गेला. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी "एवढं जवळ आलाय, जेवूनच जावा" म्हणून धरून ठेवलं, दाजीपूरचं जंगल राहिलं ते राहिलंच. यावर उपाय एकच: निदान एक रात्र बाहेर मुक्काम करा, पन्हाळा घरापासून अर्ध्या तासावर असला तरी.

मग काय करावं?

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जवळच राहा, लांबचं त्याच्या लक्षातही राहायचं नाही. पोरं आठ-दहाच्या पुढची आणि आजी-आजोबा अजून जिना चढतात, तर मी यंदाची मोठी सहल लांबची धरेन, येत्या जानेवारीत. पन्हाळा, राधानगरी, खिद्रापूर रविवार-रविवार करून होईल. जिंजी तशी होणार नाही, आणि गुडघे थांबत नाहीत. पण निघायच्या आधी पन्हाळ्यावर एक रात्र काढा. राजाराम महाराज जिथून निघाले ते पोरांनी पाहिलेलं असू दे. आणि "जवळचं काय, कधीही होतं" असं म्हणून सोडू नका. आमच्या शेजारच्यांची खिद्रापूरची संध्याकाळ अशीच दरवर्षी पुढं जाते आहे. कॅलेंडरवर त्रिपुरारी पौर्णिमेला आजच खूण करा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, हरिप्रियासाठी त्याच सकाळी बसा. ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळतो, पण त्या तिकिटावर दोघांपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. म्हणून आई-आबांचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं, जमलं तर त्याच डब्यात. खालचा बर्थ मिळाला की दिवसभर खिडकीही आबांचीच.