थार उचलली आणि 58,800 रुपये थरथरीत गेले

थारला लिफ्ट केली, म्हणजे गाडी उंच करून घेतली, आणि तेव्हापासून ती थरथरायला लागली. ती थरथर घालवायला गॅरेजने घेतलेले आकडे आधी लिहितो, कारण अजून रात्री तेच डोक्यात फिरतात. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट 2,400. प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, 3,800. शाफ्ट बॅलन्सिंग 6,500. गिअरबॉक्सचं माउंटिंग 4,600. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) ओव्हरहॉल 41,500. बेरीज 58,800. लिफ्टचे 38,500 यात धरलेले नाहीत. ते हौसेने दिले, त्यांचं रडगाणं नाही. आणि ज्या दुखण्यापायी हे सगळं झालं ते शेवटी 3,200 रुपयांत गेलं, नव्या यू बोल्टसकट.

गाडी जुनी थार सीआरडीई, मागे पाट्यांच्या स्प्रिंगची. गॅरेज पुण्याजवळचं. नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. मालक गोडबोल्या. "दादा, मागे दोन इंच जास्त लांब शॅकल टाकतो, पुढे टॉर्शन बार चढवतो, शॉक नवे. गाडी वाघासारखी उभी राहील बघा." शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी, टॉर्शन बार म्हणजे पुढचा पिळाचा स्प्रिंग.

राहिली उभी. फक्त 60 च्या पुढे सीटखाली गुणगुण सुरू व्हायची, 65 ते 75 मध्ये गिअर लिव्हर थरथरायचा, आणि खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागे बसलेल्यांच्या दातापर्यंत यायचं. लिफ्टच्या आधी यातलं काही नव्हतं.

पुढचा खेळ तुम्हाला ठाऊक आहे. आधी स्वस्तातलं काहीतरी, मग "आता हे नक्की", मग आणखी वरचं. प्रत्येक वेळी थरथर होती तेवढीच, आणि प्रत्येक वेळी दोष नव्या पार्टचा. एकदा मालक स्वतः शेजारी बसला. मी 70 ला गाडी न्यूट्रल केली, थरथर बरीच कमी झाली. पुन्हा गिअर टाकून दाबली, पुन्हा आली. तो म्हणाला, "बघा, ट्रान्सफर केसच गेलाय." टायर किंवा चाकाचं बॅलन्स बिघडलं असतं तर गाडी न्यूट्रलमध्येही त्या वेगाला तशीच हलली असती. म्हणजे 2,400 रुपयांचं पहिलं काम बिनकामाचं होतं हे तिथेच, त्याच्यासमोरच सिद्ध झालं होतं. तरी पुढचं एस्टिमेट त्याने गाडीतून उतरायच्या आत सांगितलं. गाडी रॅम्पवर न घेता, कुठे काही न मोजता!

पण खरी चीड येते ती त्यानंतरच्या संध्याकाळची. 41,500 भरून गाडी घरी आणली, सहज खाली वाकून टॉर्च मारला. ट्रान्सफर केसच्या बोल्टांवर ताम्हिणीची लाल माती वाळून बसलेली. ड्रेन प्लगभोवती तर तिचा अख्खा थर, पाना लागल्याची एक खूण नाही. ऑइल न काढता ओव्हरहॉल! फोन केला तर म्हणतो, "सर, काम आतून केलंय, बाहेरून कशाला धुवायचं?" आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा, माझ्याच बिरादरीत हसं झालंय. पण सासरे तेव्हा दवाखान्यात होते, पैसे जाऊन बसले होते, आणि गॅरेजवाल्याशी भांडायचं तर गाडी पुन्हा त्याच्याच दारात न्यायची. तुम्हीही "बरं" म्हणाला असता.

जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला." नंतर कळलं, शाफ्टवर बॅलन्सिंगचं नवं वजन वेल्ड केल्याची खूणही नाही, आहेत ती जुनीच, रंगासकट. 6,500 कशाचे घेतले, देव जाणे.

साताऱ्याकडे जुन्या जीपांची कामं करणारे एक काका आहेत. त्यांनी गाडी सपाट फरशीवर उभी केली, खाली शिरले आणि मोबाईलवरच कोन मोजला. ट्रान्सफर केसच्या बाहेर निघणारा शाफ्ट मागे 4 अंश उतरता, पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधल्या, शाफ्ट जोडतात त्या गिअरचं) तोंड मात्र 6.5 अंश वर. "हे दोन्ही समांतर पाहिजेत. एखाद्या अंशाचा फरक चालतो, अडीच कसा चालेल? लांब शॅकलने पाट्याचं मागचं टोक खाली गेलं, ॲक्सलचं हाउसिंग फिरलं, पिनियनने मान वर केली. शाफ्ट बिचारा ठीक आहे."

दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये प्रत्येक क्रॉस फेऱ्यागणिक दोनदा वेग मागेपुढे करतो. दोन्हीकडचे कोन सारखे असले की एकाचं दुसरा फेडतो. नसले की उरलेलं गाडी अंगावर घेते, आणि लोड आला की पिनियन आणखी वर उचलला जातो म्हणून चढावर जास्त. काकांनी पाटा आणि हाउसिंगमध्ये अडीच अंशांची पोलादी वेज (पाचर) टाकली, जाड बाजू कुठे ठेवायची ते मोजून. टाकण्याआधी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का तेही पाहिलं. स्लिप जॉइंट (शाफ्टचा दातेरी सरकता सांधा) एक दात चुकवून बसवला तरी अशीच थरथर येते, आणि क्रॉस बदलताना हे हमखास चुकतं. ॲल्युमिनियमची वेज कोणी देऊ केली तर नको म्हणा, ती चिरते. आणि ज्यांच्या गाडीत शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट आहे त्यांचा हिशोब वेगळा, तिथे पिनियन जवळपास शाफ्टच्या रेषेत लागतो. माझ्या आकड्यांवर वेज मागवू नका.

आता सरकारी पाहुणचार. चौकीत साहेब म्हणाले, "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" मी मातीचे फोटो दाखवले, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 सांगितलं. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. आरटीओत गेलो तर उलटा मीच आरोपी! "लिफ्टची परवानगी घेतली होती?" मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून दाखवलं, वर 182अ: मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला कायदा मान्य आहे. पण ज्याने भर रस्त्यावर बोर्ड लावून हेच बदल विकायला ठेवलेत, त्याच्याकडे यांच्यातलं कोणी फिरकलेलं नाही. यांच्याच गाड्या त्या बोर्डासमोरून जातात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी अहवाल मागितला, ट्रान्सफर केस उघडलाच नाही एवढंच लिहून द्या म्हटलं. तोंडी सगळे "हो हो" म्हणाले, लिहायची वेळ आली तशी "मॉडिफाइड गाडी आहे, आम्ही हात लावत नाही." आणि गॅरेजवाल्यांना हे सगळं पक्कं माहीत आहे. गिऱ्हाईक तक्रारीला गेलं की आधी त्याचीच गाडी बाहेर काढतील, म्हणून तो जाणार नाही, या भरवशावर हा धंदा चाललाय.

बिलाचंही ऐका. 41,500 पैकी 30,000 मी यूपीआयने भरले ते मालकाच्या मेव्हण्याच्या खात्यावर, उरलेले रोख. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. "पक्कं बिल हवं तर 18 टक्के वरून द्या" म्हटल्यावर मी गप्प बसलो. आता वकील त्याच कागदावर बोट ठेवतोय. तेव्हा पक्कं बिल घ्या, टक्के गेले तरी. जुना पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा. बोल्टांवर स्वतः मार्करने रेघ ओढा आणि फोटो काढा. लिफ्टच्या आधीचे कोन मोजून ठेवा, मोबाईलला पैसे पडत नाहीत. आणि जो कोन न मोजता पार्टचं नाव घेतो त्याच्याकडून चावी परत घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. फोनवर नोंद करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. लिफ्ट माझी आहे हे तक्रारीत स्वतःहून लिहिलंय, होऊ दे दंड झाला तर. याच गॅरेजच्या कच्च्या पावत्या ज्यांच्याकडे पडल्या असतील त्यांनी त्या फाडू नका, मेव्हण्याच्या खात्याचा तोच यूपीआय आयडी आणखी दोन पावत्यांवर निघाला तर वकिलाला पुरेसं आहे.