घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: बाहेरची हार्ड डिस्क की क्लाउड?

‘फोटो डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवलेत, काही काळजी नाही.’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. विंडोज नव्याने टाकायला आलेला माणूस सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि डी तसाच सोडतो, त्यातून हा भरवसा तयार झाला आहे. पण बहुतेक घरच्या मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. दोन वेगळ्या डिस्क असल्या तरी त्या एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच पॉवर सप्लायवर चालतात, आणि चोरी झाली किंवा व्हायरस शिरला तर दोन्ही एकदमच संकटात सापडतात. तेव्हा डी ड्राइव्ह या तुलनेतून आधीच बाद. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून अनेक घरांत मशीन बदलणं किंवा विंडोज ११ टाकून घेणं चालू आहे, आणि जुने फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प हरवतात ते नेमके अशा उलथापालथीतच.

पेन ड्राइव्हही मी बाद करेन. फाइल एका जागेहून दुसरीकडे न्यायला तो उत्तम, वर्षानुवर्षं सांभाळायला नाही. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि न वापरता पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो. त्यात भर म्हणजे नकली माल. पाचशे-सातशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह दिसला, तर आतली चिप बहुधा ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. फोल्डर उघडला तर नावं सगळी दिसतात, फोटो मात्र उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत साधन ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं आणि फसवणूक उघडी पडते. कुठलीही नवी डिस्क घेतली की ती रिकामी असतानाच ही चाचणी करून घ्या.

खरी निवड उरते दोघांत: यूएसबीने जोडायची बाहेरची हार्ड डिस्क आणि पैसे भरून घेतलेली क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर मिळणारी जागा.

वेळेचा हिशेब आधी करू, कारण तिथे फरक प्रचंड आहे. समजा फोटो-व्हिडिओ धरून ३०० जीबी डेटा आहे. साधी हार्ड डिस्क मोठ्या फाइली सेकंदाला सुमारे १०० एमबी वेगाने घेते, म्हणजे पाऊण-एक तासाचं काम. बारीक फाइली खूप असतील तर जास्त वेळ. तोच डेटा २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट, म्हणजे अडीच एमबी) अपलोडच्या ब्रॉडबँडवरून चढवायला अखंड ३३ तास लागतात, आणि आपल्याकडे वीज व नेट इतका वेळ अखंड राहीलच असं नाही. संकटानंतर सगळं परत उतरवतानाही तोच प्रवास. उद्या दुपारपर्यंत काम सुरू व्हायला हवं असेल, तर डिस्कला पर्याय नाही.

पैशांतही मोठ्या साठ्याला डिस्कच स्वस्त पडते. १ टीबीची डिस्क पाच-सहा हजारांच्या आसपास एकदाच घ्यायची. गूगलची मोफत जागा १५ जीबी आणि तीही जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून; १ जून २०२१ पासून फोटोही त्याच कोट्यातून वजा होतात. १०० जीबीला महिना साधारण १३० रुपये, २ टीबीला साधारण ६५० रुपये. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड मोफत देतात ते फक्त ५ जीबी.

एवढ्यावर निकाल लागला असता, पण धोके सगळे एका जातीचे नसतात. डिस्क बिघडणं हा त्यातला एकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तळमजल्यावरच्या घरात कॉम्प्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलाच्या खणात असतील, तर दोन्ही एकत्रच भिजतात. इथे क्लाउड निर्विवाद जिंकतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. म्हणून डिस्क कायम लावून ठेवणं हा आळस महागात पडतो. बॅकअप झाला की ती नीट इजेक्ट करून कपाटात जायला हवी.

क्लाउडची कमकुवत बाजू लोकांना उशिरा कळते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह मुळात सिंक करतात: इथे जे केलं ते तिथे. इथून फोल्डर उडाला की तिथूनही उडतो, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो ३० दिवसच राहतो. मार्चमध्ये चुकून पुसलेली फाइल जूनमध्ये आठवली, तर हाती काहीच लागत नाही. दुसरं, सगळं एका खात्यावर आणि एका मोबाइल नंबरवर टांगलेलं असतं. फोन हरवला, सिम बंद झालं, ओटीपी येईना, की आपलेच फोटो आपल्याला दिसत नाहीत. गूगल तर दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं. वडील गेल्यावर त्यांच्या खात्यातले फोटो बघायला कुणी उशिरा जातं, तेव्हा हा नियम फार टोचतो. आणि मोठ्या संस्थेकडे ठेवलं म्हणजे सुरक्षितच, हेही खरं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टीबी डेटा गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती.

नॅसबद्दलही विचारणा होते, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची दोन डिस्कवाली पेटी. सोय छान आहे, पण एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर होत असल्याने चुकून पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं. घरच्यासाठी मी ती पहिली खरेदी म्हणून सुचवणार नाही.

माझा कौल असा: आधी डिस्क, आणि नंतर क्लाउडवर फक्त तेवढं जे पुन्हा निर्माण होऊच शकत नाही. लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ डिस्कवर राहू दे. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, निवडक फोटो, सात-बारा आणि विम्याचे स्कॅन, प्रबंधाचा मसुदा, हे १०० जीबीत आरामात बसतं. दरमहा भरायचं नसेल तर दुसरी डिस्क घ्या आणि ती गावी किंवा बहिणीकडे ठेवा. गणपतीला गावी जाताना घरची तिकडे, तिकडची इकडे. नेट न लागणारी, कुणाच्या पासवर्डवर न अडणारी ही पद्धत मला मनापासून आवडते.

आता बॅकअपवर विश्वास कधी ठेवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या आणि एकही नीट चालत नव्हती. बॅकअप फसल्याच्या सूचनांचे ईमेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहज घेऊन ठेवलेली सहा तासांपूर्वीची प्रत सापडली म्हणून निभावलं, तरी मधल्या सहा तासांचं काम गेलंच. निष्णात माणसांच्या बाबतीत हे होतं, मग घरी ‘बॅकअप पूर्ण’ ही हिरवी खूण बघून निश्चिंत होणं बरं नव्हे.

विंडोजमधल्या फाइल हिस्ट्री या बॅकअपच्या सोयीचंच घ्या. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांच्या जुन्या आवृत्ती ती फार चांगल्या सांभाळते. पण डी ड्राइव्हवरचा फोल्डर लायब्ररीत मुद्दाम जोडला नाही, तर त्याला ती हातही लावत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुतेकदा पब्लिक फोल्डरात किंवा थेट ड्राइव्हवर असतो, तोही असाच सुटतो. मॅकवर २००७ पासून असलेली टाइम मशीन ही बॅकअपची सोय सगळं मशीन घेते, त्यामुळे तिथे ही गफलत कमी.

बॅकअपची चाचणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, कारण खऱ्या प्रसंगी तुमचा कॉम्प्युटर नसणारच आहे. बॅकअपमधून काही फाइली नव्या फोल्डरात उतरवून उघडा: सगळ्यात जुना फोटो, एखादा व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत, पासवर्ड लावलेली एक्सेल. मूळ फोल्डर आणि प्रत यांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं मराठी लिखाण असेल तर फाइल परत येते आणि अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्टही बॅकअपमध्ये हवेत. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं पासवर्डचं कुलूप) लावला असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून डिस्कपासून वेगळी ठेवा आणि चाचणीत ती एकदा खरोखर वापरा.

घरून हिशेबाची कामं करणाऱ्यांनी टॅलीच्या आतल्याच बॅकअप सोयीने घेतलेली प्रत वेगळ्या जागी रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर आणि ताळेबंदाची बेरीज ताडून बघावी. हे काम जीएसटीचं रिटर्न भरून झाल्यावर लगेच करावं, तेव्हा आकडे ताजे असतात आणि चूक चटकन दिसते. ती प्रत त्याच संध्याकाळी क्लाउडवर चढवता येते, कारण टॅलीचा डेटा सहसा फार मोठा नसतो.