लेट्स एन्क्रिप्ट आणि सर्टबॉट: एका सर्व्हरवर अनेक साइट चालवणाऱ्यांसाठी

नौपाड्यातला क्लास, वाशीच्या एपीएमसीतला मसाल्याचा व्यापारी, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप अशांच्या वीस-पंचवीस साइट एकाच सर्व्हरवर, एकाच आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) सांभाळणाऱ्यांसाठी ही मोफत जोडी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते: लेट्स एन्क्रिप्ट ही साइटला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट देणारी संस्था, आणि सर्टबॉट हे ते आणणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक साइटला वेगळा आयपी लागत नाही. ब्राउझर जोडणी करतानाच साइटचं नाव सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचं सर्टिफिकेट पुढे करतो. यालाच एसएनआय म्हणतात. ते न समजणाऱ्या जुन्या विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररची चिंता आता सोडावी.

एका सर्टिफिकेटमध्ये १०० नावं बसतात, म्हणून सगळी गिऱ्हाइकं एकातच कोंबायचा मोह होतो. तो टाळाच. एकाने डोमेन दुसरीकडे नेलं, की पुढच्या नूतनीकरणात त्याच्या नावाची पडताळणी (डोमेन आपल्याच ताब्यात असल्याची तपासणी) फसते आणि बाकी सगळ्यांचंही अडतं. शिवाय मसालेवाल्याच्या सर्टिफिकेटवर शेजारच्या गाळ्याचं नाव कुणालाही वाचता येतं. एका साइटला एक सर्टिफिकेट, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशी दोनच नावं, हे उत्तम.

नेहमीची पडताळणी पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारावर होते, आणि इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे फायरवॉलमध्ये फक्त भारतातले आयपी चालू ठेवणं. लेट्स एन्क्रिप्ट जगातल्या अनेक ठिकाणांहून तपासतं, त्यामुळे साइट ठाण्यातून नीट उघडते पण सर्टिफिकेट मिळत नाही. पोर्ट ८० सगळ्यांसाठी उघडं ठेवा. तिथून ४४३ कडे (एचटीटीपीएसच्या पोर्टकडे) वळवलेलं चालतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावाला पत्ता जोडणाऱ्या नोंदींत) जुन्या सर्व्हरचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याची नोंद राहिली असेल तर तीही काढा, कारण तपासणी आधी आयपीव्ही६ वर जाते. एका नावासाठी तासाला पाच अपयशं झाली की थांबावं लागतं. म्हणून आधी सर्टबॉटचा ‘ड्राय-रन’ हा चाचणीचा पर्याय लावून बघा. ती चाचणी वेगळ्या सर्व्हरवर होते.

सर्टिफिकेटची मुदत सध्या ९० दिवस. सर्टबॉट साधारण ३० दिवस उरले की नवं आणतो. पण ‘वेबरूट’ पद्धतीने (साइटच्या फोल्डरमध्ये पडताळणीची फाइल ठेवून) घेतलं असेल तर वेबसर्व्हर आपोआप रीलोड होत नाही. डिस्कवर नवी फाइल आणि ब्राउझरला जुनीच, असा घोळ होतो. ‘डिप्लॉय-हुक’मध्ये, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञांत, रीलोडची आज्ञा घालाच. एन्जिनएक्स या वेबसर्व्हरला ‘फुलचेन’ची (मधल्या सर्टिफिकेटसह पूर्ण साखळीची) फाइल द्या, नुसती ‘सर्ट’ दिली तर मधली साखळी तुटते, आणि संगणकावर चालणारी साइट काही मोबाइलवर अडकते.

अपाचे या वेबसर्व्हरमध्ये ४४३ वर ज्याचं नाव जुळत नाही त्याला वर्णानुक्रमे पहिल्या फाइलमधली साइट दाखवली जाते. सर्टिफिकेट नसलेल्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर मग दुसऱ्याचं सर्टिफिकेट आणि इशारा झळकतो. फाइलचं नाव शून्याने सुरू होणारी एक रिकामी साइट आधी ठेवली की दुसऱ्याचं सर्टिफिकेट दिसणं टळतं, इशारा मात्र येतोच.

उणी बाजू दोन. वाइल्डकार्डसाठी (सगळ्या सबडोमेनना चालणाऱ्या एकाच सर्टिफिकेटसाठी) डीएनएसमध्ये टीएक्सटी, म्हणजे मजकुराचा रेकॉर्ड लागतो. डीएनएस सेवेला एपीआय (प्रोग्रामकडून नोंदी बदलून घेण्याची सोय) नसेल तर ते दर खेपेला हाताने करावं लागतं. आणि मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद झालेत, तेव्हा तारखेवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट स्वतःच बसवा. त्या स्क्रिप्टने फाइलमधली तारीख वाचू नये. साइटचं नाव ओपनएसएसएल आज्ञेच्या ‘सर्व्हरनेम’ या पर्यायात देऊन चालू जोडणीच तपासावी.