साडेअकरा हजारांचं ईईजी किट: यंत्र बरं, ॲप बोगस

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टाळूवरून टिपायच्या, या किटचं नाव विचारू नका, लिहिणार नाहीये. कंपनीशी भांडण काढायचं नाही, आणि खरं सांगायचं तर या किमतीतली सगळी किटं आतून एकाच आईची लेकरं असतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते कुठलंही घेतलंत तरी कामाला येईल.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत काय आहे तर आरशात बघून चांदणी काढायचा बोर्ड, रेघांच्या लांबीत नजर फसवणारी म्युलर-लायरची पट्टी, दोन स्टॉपवॉच आणि पाठांतराच्या प्रयोगासाठी एकेक शब्द दाखवणारं, कपाटावर धूळ खात बसलेलं मेमरी ड्रम, जे माझ्या आधीच्या सरांच्या काळापासूनच बंद आहे. पुस्तकात मात्र ईईजी आहे, जीएसआर (घामामुळे कातडीतून वीज किती सोपी जाते ते मोजणं) आहे, पी-थ्री-हंड्रेड (वेगळा आवाज ऐकल्यावर मेंदूत येणारा उंचवटा) आहे, पोरं ते सगळं पाठ करून दहा मार्कांना लिहितात आणि एकानेही उभ्या जन्मात इलेक्ट्रोड (अंगावरची वीज टिपायची चकती) हातात धरलेला नसतो. म्हणून दिवाळीनंतर पदरमोड करून मागवलं. घरी 'एवढ्यात नवा मिक्सर आला असता' हे ऐकून घेतलं ते वेगळं.

डबा छोटा. काडेपेटीपेक्षा जरा मोठा बोर्ड, दोन चॅनेल, सेकंदाला २५० रीडिंग, छातीला लावायच्या चिकटपट्ट्या पन्नास, डोक्याला बांधायचा इलास्टिकचा पट्टा, बोटांना गुंडाळायच्या दोन वेल्क्रोच्या पट्ट्या, जेलची ट्यूब. माहितीपत्रक दोन पानांचं, त्यातलं एक पान वॉरंटीत काय येत नाही त्याचं.

पहिल्यांदा ईसीजी करून बघा, कारण ते सगळ्यात सोपं. छातीवर हृदयाचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, मेंदूचा टाळूवर येईपर्यंत दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्याच्या दहाव्या-शंभराव्या हिश्शाएवढाच उरतो. तर मी मोठ्या उत्साहाने पट्ट्या लावल्या, केबल जोडली आणि स्क्रीनवर काय दिसलं तर काळ्या मुंग्यांची जाड रांग, ठोका नाही, काही नाही. मला वाटलं फसलो. कस्टमर केअरला फोन केला तर 'सर एकदा रिस्टार्ट करून बघा.' शेवटी दुपारी लाईट गेली, पंखा बंद, ट्यूब बंद, लॅपटॉप बॅटरीवर, आणि स्क्रीनवर ठोके असे स्वच्छ उभे राहिले की बघतच बसलो. ती रांग म्हणजे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण होती, आपलं अंगच अँटेनासारखं ती पकडतं. तेव्हापासून नियम केला, चार्जर काढल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. आणि हा फक्त सिग्नलचा मामला नाहीये हं, अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप मेन्सला जोडायचाच नसतो, चार्जर खराब निघाला तर करंट थेट छातीत. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात शेवटच्या ओळीत होतं, खरं तर डब्यावर लाल अक्षरात पाहिजे होतं. यासाठी एक स्टार कापला.

ठोके दिसायला लागल्यावर मात्र मजा आली. श्वास आत घेताना ठोके जरा जवळजवळ येतात, सोडताना लांब जातात, हे पोरांनी स्वतःच्या छातीवर बघितलं. एकाला मिनिटाला सहाच श्वास घ्यायला सांगितलं तर आलेख समुद्राच्या लाटेसारखा वरखाली. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रोझरीची (ख्रिश्चन जपमाळेची) प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावून असंच मोजलं होतं, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाची लयही त्याच्याबरोबर चालायला लागली. म्हणजे धर्म कुठलाही असो, फुप्फुसांचं गणित एकच. मग वर्गातल्या एका पैलवान गड्याने जाहीर केलं की मी नाडी बंद करून दाखवतो. श्वास कोंडला, पोट आवळलं, चेहरा टोमॅटो, आणि खरंच मनगटावर नाडी लागेना, पोरी घाबरल्या. पण स्क्रीनवर ठोके आपले चालूच. १९५० च्या दशकात वेंगर आणि बागची हे दोघं शास्त्रज्ञ अमेरिकेतून आठ चॅनेलचं मशीन घेऊन भारतात योग्यांना शोधत फिरले होते, दिल्लीच्या आनंद यांच्याबरोबर त्यांचा पेपर १९६१ मध्ये आला, त्यातही तेच निघालं. छाती आवळल्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, नाडी हाताला लागत नाही, स्टेथोस्कोपमध्ये आवाज येत नाही, पण ईसीजी थांबत नाही. आमच्या पैलवानाला हे सांगितल्यावर तो जरा नाराज झाला.

आता बोटांच्या पट्ट्या, म्हणजे जीएसआर. तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी गरमीपेक्षा मनाच्या हालचालींना जास्त ऐकतात, घाम आला की कातडीतून वीज सोपी जाते, एवढंच तत्त्व, आणि हे १८८८ पासून माहीत आहे, फ्रान्समधल्या फेरे नावाच्या डॉक्टरने दाखवलेलं. एका मुलीच्या दोन बोटांना पट्ट्या लावून ठेवल्या आणि मागे जाऊन फुगा फोडला. रेघ लगेच हलत नाही हे बघण्यासारखं असतं, एक सेकंद, दोन सेकंद, पोरं म्हणतात 'सर, चालत नाही वाटतं', आणि मग ती सावकाश डोंगरासारखी चढायला लागते. कारण निरोप मेंदूतून घामाच्या ग्रंथीपर्यंत जाऊन घाम वर यायला एवढा वेळ लागतोच. पण खरा धडा फुग्यातून नाही मिळाला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी शांत बसलेली, रेघ सपाट, आणि दारातून कोणीतरी ओरडलं 'अरे रिझल्ट लागलाय!' रेघ फुग्याच्या वर गेली. ती पास झाली होती, फर्स्ट क्लास. मी पोरांना विचारलं, या डोंगराकडे बघून सांगा ही भीती होती की आनंद? कोणालाच सांगता येईना. आणि सांगता येतच नाही, कातडी फक्त 'काहीतरी झालं' एवढं बोलते, काय झालं ते नाही बोलत. अख्ख्या सेमिस्टरमध्ये मी जे फळ्यावर लिहून शिकवू शकलो नसतो ते त्या ओरडणाऱ्या पोराने शिकवलं.

तक्रार इथे अशी की किट आकडा देतं पण कशाचा ते देत नाही. प्रयोगशाळेत हे मायक्रोसीमेन्स या एककात मोजतात, इथे नुसतं ४१२, ४३८. एकाच माणसाचं आधी-नंतर बघायला चालतं, दोन माणसांची तुलना करायला अजिबात नाही. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांचेच हात ओलसर, सगळ्यांचेच आकडे वर, मग काय अख्खा वर्ग जूनमध्ये टेन्शनमध्ये असतो का.

बरं, ज्यासाठी लोक घेतात ते ईईजी. इथे पहिला शत्रू खोबरेल तेल. खरंच सांगतो, पहिल्या आठवड्यात एकाही मुलीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बसला नाही, तेल लावून घट्ट वेणी, त्यावर जेल म्हणजे आगीत तूपच, नुसतं घसरतंय. कपाळावर लावावं तर टिकली, गंध, पावडर. शेवटी नोटीस लावली की प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी केस धुवून यावे, तेल लावू नये, त्यावर एका पालकांचा फोन आला की कॉलेज आता हेही सांगणार का. समजावलं. मग कातडी स्पिरिटने पुसून, केस काडीने बाजूला करून जेल लावलं की बसतं. लांब दाट केसांना हा पट्टा कमीच पडतो, जावळ काढलेल्या डोक्यावर टेस्ट केला असावा अशी शंका आहे.

पण बसल्यावर. डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड, पोराला सांगितलं डोळे मिट. आणि नुसती थरथरणारी रेघ एकदम लयीत आली, सेकंदाला दहा हेलकावे. डोळे उघड, गेली. मिट, आली. खोलीत चौदा पोरं होती आणि एकदम शांतता, असं आमच्या कॉलेजात प्रार्थनेलाही होत नाही. ही अल्फा लय, आठ ते तेरा हर्ट्झ, जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूची पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली आणि पाच वर्षं गप्प बसून १९२९ मध्ये छापली. त्याला शोधायची होती टेलिपथी, न बोलता एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळणं. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, त्याच दिवशी घरून तार आली की बहिणीला तुझी काळजी वाटतेय, ते डोक्यात बसलं ते बसलंच. टेलिपथी सापडली नाही, ही लय सापडली, आणि लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही, १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तीच लय करून दाखवल्यावर मग मानलं. योगायोग बघा, त्याच १९२४ मध्ये आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगाचा शरीरावर परिणाम यंत्र लावून मोजायचा म्हणून. हे मी वर्गात सांगितलं तर पोरं म्हणाली, सर मग ट्रिप काढूया.

एक इशारा मात्र. कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर जी भली मोठी लाट येते ना, जिचे रील बनवून लोक 'माझे विचार बघा' म्हणतात, ती पापणी लवल्याची असते. डोळ्याचा गोळा म्हणजे छोटी बॅटरीच, पापणी लवली की सगळं हलतं, मेंदूच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठं. दात आवळले तर जबड्याचे स्नायू. आमच्या एकाच्या रेकॉर्डिंगमध्ये भलतीच वेगवान लाट येत होती, सगळे थक्क, शेवटी कळलं की तो च्युइंगगम चघळत होता.

पी-थ्री-हंड्रेड जमलं नाही. यात काय करायचं असतं तर एकाच प्रकारचे आवाज ऐकवत राहायचे, मधेच एखादा वेगळा, त्या वेगळ्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उंचवटा येतो, १९६५ मध्ये सटन आणि मंडळींनी दाखवलेला. एका वेळी तो दिसत नाही, गोंगाटात बुडलेला असतो. एसटी स्टँडवर कोणी दर वेळी गाडी लागल्यावर बरोब्बर तेवढ्याच वेळाने टिचकी वाजवत असेल, तर एकदा ऐकून कळणार नाही, पण चाळीस वेळचं रेकॉर्डिंग गाडी लागल्याच्या क्षणापासून एकावर एक रचून सरासरी काढली की बाकीचा कलकलाट एकमेकाला खाऊन टाकतो आणि टिचकी उरते. यासाठी आवाज नेमका कधी वाजला ते मिलिसेकंदात माहीत पाहिजे, आणि ब्लूटूथवरून डेटा कधी तीस मिलिसेकंद उशिरा, कधी नव्वद. टिचकीच पुढेमागे सरकली तर सरासरीत चिखल होतो. आमचा झालाच. यूएसबी केबल लावून जरा बरं आलं, पण आवाजाची वेळ टिपायला वेगळी सोय लागते, ती या किटात नाही. डब्यावर मात्र 'ईआरपी रेडी', म्हणजे असले उंचवटे मोजायला तयार, असं छापलंय.

आता ॲप. काय बोलावं. 'फोकस ८२ टक्के', 'स्ट्रेस लेव्हल मध्यम', खाली एक कमळ उमलतं. हे ८२ कशातून काढले याचा एक शब्द नाही. मी घरी एक काम केलं, लाल भोपळ्यावर जेल लावून पट्टा बांधला. भोपळा ६४ टक्के रिलॅक्स्ड निघाला. मुलगी म्हणाली, बाबा त्याला आपण आज कापणारोत हे सांगा आणि परत मोजा. हसण्यावारी नेऊ नका, २००९ मध्ये अमेरिकेत बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा एमआरआय मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले होते, आणि आकडेमोडीतली एक दुरुस्ती मुद्दाम गाळली तर मेलेल्या माशाचा मेंदू 'चालू' दिसला. करोडोंच्या मशीनची ही कथा, तर माझ्या भोपळ्याचं काय घेऊन बसलात.

पोरांचा ठरलेला प्रश्न, सर याने खोटं पकडता येतं का. मी त्यांना आपल्या इथलंच सांगतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपीच्या ईईजीवर आधारित चाचणीचा निकालात आधार घेतला गेला, जगभर चर्चा झाली, मेंदूत 'अनुभवाची आठवण' आहे की नाही हे मशीन सांगतं असा त्या चाचणीचा दावा. मग २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. हे ऐकल्यावर कोणीतरी विचारतंच, आणि संमती दिली तर बरोबर येतं का? मी उत्तर देत नाही, रिझल्टच्या दिवशीचा तो डोंगर काढून दाखवतो.

तर घ्यावं का? कच्च्या रेघेसाठी घ्या, टक्क्यांसाठी घेऊ नका. मागवायच्या आधी विक्रेत्याला एवढंच विचारा की सगळा कच्चा डेटा फाइलमध्ये काढून मिळतो का, नुसता ॲपमध्येच राहत असेल तर खेळणं आहे, मुलांना द्या. चिकटपट्ट्या महिन्यात संपतात, पन्नासचं पाकीट मेडिकलवाल्याकडे सांगून ठेवलं तर ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतं, जेलही तिथेच सोनोग्राफीचं नको म्हणून सांगा, ईसीजीचंच मागा. कस्टमर केअर एक स्टार, यंत्र चार, ॲप शून्य. डोक्याच्या पट्ट्याचं इलास्टिक तिसऱ्या महिन्यात सैल पडलं, वॉरंटीत बसत नाही म्हणाले, गावातल्या टेलरने तीस रुपयांत नवीन शिवून दिलं आणि वेण्यांसाठी मागे एक खाचही ठेवली, आता मूळच्यापेक्षा बरं बसतंय.